पगाराच्या पावतीमागचा नंबर: कामगार तक्रार हेल्पलाइन दोनदा वापरल्यावर

कार्ड खिशात मावेल एवढं होतं. एका बाजूला टोल फ्री नंबर आणि ॲपचा चौकोनी कोड, दुसऱ्या बाजूला एका हसऱ्या बाईचं चित्र, आणि खाली ओळ: ‘तुमचं नाव कुणालाही कळणार नाही.’ पुढे तोच नंबर पगाराच्या पावतीमागेही छापून यायला लागला. मी तो दोनदा वापरला. त्यानंतरच्या दोन गाऱ्हाण्यांसाठी मात्र दुसऱ्या वाटा धरल्या. त्या सगळ्या अनुभवावरून हे लिहिते आहे. सेवा चालवणाऱ्या कंपनीचं, बायरचं म्हणजे आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचं, आणि आमच्या फॅक्टरीचं नाव घेत नाही. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि त्यांची रचना पुष्कळशी सारखी असते. ज्यांच्या हातात असं कार्ड पडलंय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

मी तयार कपड्यांच्या फॅक्टरीत ओव्हरलॉक मशीन (कापडाच्या कडा शिवणारं) चालवते, मधले आठ महिने सोडले तर अकरा वर्षं. आमचा माल परदेशातल्या दुकानांत जातो. कपड्यावर लेबल एकाचं, ऑर्डर देणारा मधला एजंट दुसरा, शिलाई आमच्याकडे, भरतकाम बाहेरच्या शेडमध्ये, चेन आणि बटणं आणखी कुठून तरी. एवढ्या लांब साखळीत मशीनवरच्या बाईचे पैसे कापले गेले तर तिने दाद कुणाकडे मागायची? यावर बायर लोकांनी काढलेलं उत्तर म्हणजे ही हेल्पलाइन. बायर बाहेरच्या एका कंपनीला पैसे देतो. ती कंपनी फोन घेते, तक्रार लिहून बायरच्या ऑफिसला पाठवते, आणि बायर फॅक्टरीकडे खुलासा मागतो. कामगाराला एक पैसाही पडत नाही.

कार्ड वाटायला आलेल्या मॅडमनी जेवणाच्या सुट्टीनंतर चाळीस मिनिटं आम्हाला बसवलं. बोलल्या चांगलं. कोणत्या गोष्टी सांगता येतात, नाव सांगायची सक्ती नाही, हे चित्रं दाखवून समजावलं. पण प्रॉडक्शन मॅनेजर सर पूर्ण वेळ मागे दाराशी उभे होते. ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर एकही हात वर गेला नाही. मॅडमनी सरांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं असतं तर निदान चार-पाच जणींनी तोंड उघडलं असतं. पोस्टर लावलं ते एचआरच्या केबिनशेजारच्या भिंतीवर, कॅमेऱ्याखाली. तिथे थांबून नंबर उतरवून घेणारी बाई स्क्रीनवर दिसणारच. संडासाच्या दाराला आतून लावा, असं मी नंतर ॲपवर लिहिलं होतं. पोस्टर अजून तिथेच आहे.

फ्लोअरवर फोन नेता येत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. हेल्पलाइनची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. आमची पाळी साडेआठला सुरू होते, आणि त्या महिन्यात ती सातलाही संपत नव्हती. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी फोन केला, तर रेकॉर्ड केलेला आवाज आला: आपला निरोप ठेवा. ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उलट फोन केला तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये. असं तीनदा झालं. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बोलले.

पलीकडची मुलगी फार चांगली होती, हे आवर्जून लिहायला हवं. घाई केली नाही, मी मध्ये थांबले तर वाट पाहिली, माझ्या भाषेत बोलली. अकरा वर्षांत कामाच्या संदर्भात कुणी मला सलग पंचवीस मिनिटं ऐकून घेतल्याचं ते पहिलंच उदाहरण. पण तिला आमचं काम माहीत नव्हतं. बंडल म्हणजे काय, तासाचं टार्गेट बोर्डावर लिहितात म्हणजे काय, लाइनमधली एक बाई उठली तर पुढच्या सगळ्यांचं काम कसं अडतं, हे सगळं सांगावं लागलं. आमचं गाऱ्हाणं असं होतं: संध्याकाळी सातला सगळ्यांनी कार्ड पंच करून परत मशीनवर बसायचं. पुढचे तास सुपरवायझर एका कच्च्या वहीत लिहायचा, आणि महिनाअखेर त्याचे पैसे रोख मिळायचे. ओव्हरटाइमचा वाढीव दर नाही, साध्याच दराने, आणि कधी तेवढेही नाहीत. मी घरी एक छोटी डायरी ठेवली होती. तारीख, पंच किती वाजता, गेटबाहेर किती वाजता. तेवीस दिवसांत एकेचाळीस तास निघाले. ते तिला वाचून दाखवले. तिने तक्रार नंबर दिला, मी तो कार्डाच्या मागे लिहून ठेवला.

नवव्या दिवशी इनचार्ज आमच्या लाइनवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “सात नंबर लाइनवर कोणीतरी बाई डायरी लिहिते म्हणे. लिहू दे. आम्हाला पण बघायचीय.”

माझं नाव कुणीही सांगितलं नव्हतं. कार्डावरचा शब्द अक्षरशः पाळला गेला होता. पण लाइन सात, ओव्हरलॉक, डायरी, तेवीस दिवस, एकेचाळीस तास, हे सगळं कागदावर तसंच पुढे गेलं होतं. तो कागद हेल्पलाइनकडून बायरच्या ऑफिसला, तिथून ‘कृपया खुलासा करावा’ म्हणून फॅक्टरीच्या एचआरला, आणि एचआरकडून इनचार्जला गेला असणार. आमच्या लाइनवर ओव्हरलॉकला तिघीच होतो. ओळखायला नावाची गरज कुठे होती? ही सेवा घेणाऱ्या प्रत्येक बायरला मला हे सांगायचंय. नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला जात नाही. फ्लोअरवर कोण कुठे बसतं हे माहीत असलेल्या कुणीतरी प्रत्येक कागद पुढे पाठवण्याआधी वाचायला हवा.

मला कामावरून काढलं नाही. धागा कटिंगला बसवलं. ओव्हरलॉकच्या बाईला टार्गेटवर मिळणारे जादा पैसे धागा कापणाऱ्या बाईला मिळत नाहीत, आणि दिवसभर उभं राहावं लागतं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तिकडे माणूस कमी आहे.’ ते खरंही असेल. सूड घेतल्याचं सिद्ध करायला गेलं तर हातात काहीच लागत नाही. मी पुन्हा फोन केला. या वेळी दुसरी व्यक्ती होती. तिने ही नवी तक्रार म्हणून नोंदवली, नवा नंबर दिला. पहिल्या तक्रारीचं काय झालं म्हणून विचारलं, तर ती ‘निकाली’ होती. फॅक्टरीने हजेरीचं रजिस्टर दाखवलं, त्यात सातनंतरचा एकही तास नव्हता, आणि त्यावर आमच्या सगळ्यांच्या सह्या होत्या. होत्याच. पगार घेताना आम्ही त्या करतो. ज्या रजिस्टरबद्दल तक्रार आहे तेच रजिस्टर पुरावा म्हणून बघितलं गेलं, आणि ‘तुला हे मान्य आहे का’ असं विचारायला मला कुणी फोन केला नाही. सगळ्यात जास्त मला हेच लागलं.

आता चांगलं काय ते. याच हेल्पलाइनवर आमच्या फॅक्टरीतून गेलेल्या काही तक्रारी खरोखर लवकर सुटल्या. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर महिनाभर बंद होता, फोन गेल्यावर चार दिवसांत दुरुस्त झाला. एका मुलीचा पगार चुकीच्या खात्यात जात होता, तो आठवड्यात तिच्या खात्यात आला. संडासला जायला प्रत्येक लाइनला एकच पास ठेवला होता, तो बंद झाला. या गोष्टी लहान नाहीत. दहा तास बसून काम करणाऱ्या बाईला पाणी प्यावं की नको हा विचार करावा लागत नाही, याची किंमत आम्हाला कळते. त्यासाठी मी या सेवेचे आभार मानते.

पण बघत गेले तसं मला एक दिसत गेलं. फॅक्टरीला कमी खर्चात करता येण्यासारखं जे होतं ते झालं. बायरच्या किमतीला आणि तारखेला जे भिडत होतं ते झालं नाही. त्या महिन्यातला ओव्हरटाइम आला कुठून? कापड कटिंगला गेल्यावर बायरने रंग बदलला आणि शिपमेंटची तारीख तीच ठेवली. बायरच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या मर्चंडायझर मॅडमना फ्लोअरवर रडताना आम्ही पाहिलंय. मालकाने नाही म्हटलं असतं तर माल उशिरा गेला असता, मग दंड, नाहीतर विमानाने पाठवायचा खर्च त्याच्या डोक्यावर. म्हणजे आमच्या गाऱ्हाण्याचं एक टोक थेट बायरच्या ऑर्डर देणाऱ्या टेबलापर्यंत जात होतं. आणि हेल्पलाइन तक्रार कुणाकडे पाठवते? बायरकडेच. ॲपवर तक्रार कुणाविरुद्ध आहे ते निवडायचं असतं: सुपरवायझर, एचआर, सहकारी, ठेकेदार, इतर. बायर हा पर्याय त्यात नाही. मी ‘इतर’ निवडलं होतं. जो पैसे देतो त्याच्याविरुद्धची तक्रार लिहून घ्यायला या सेवेत जागाच ठेवलेली नाही, हा माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा दोष. फोन घेणाऱ्या मुलींना कितीही चांगलं शिकवलं तरी तो भरून निघणार नाही.

युनियनच्या ताईंनी मला नंतर एक गोष्ट दाखवली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये धंदा आणि मानवी हक्क यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. ती तयार करण्याचं काम संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी केलं होतं. त्यातल्या एकतिसाव्या तत्त्वात तक्रार यंत्रणा चांगली आहे की नाही हे ठरवायच्या आठ कसोट्या आहेत. ज्यांच्यासाठी यंत्रणा आहे त्यांचा तिच्यावर विश्वास हवा, त्यांना तिच्यापर्यंत पोहोचता यायला हवं, पुढे काय आणि किती दिवसांत होणार हे आधी कळायला हवं, अशा. कार्ड वाटणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात याच आठ कसोट्या छापतात. आठवी मला महत्त्वाची वाटते: यंत्रणा ज्यांनी वापरायची त्यांच्याशी बोलून ती आखली जावी. आमच्याशी कुणीही बोललं नव्हतं. एकीला जरी विचारलं असतं की बाई, तुमचा फोन दिवसा कुठे असतो, तरी सकाळी नऊ ते सहा ही वेळ ठेवली गेली नसती. त्याच तत्त्वांत, एकोणतिसाव्याच्या स्पष्टीकरणात, असंही आहे की अशा यंत्रणेचा वापर युनियनची जागा कमजोर करायला होऊ नये आणि कोर्टाचा रस्ता बंद करायला होऊ नये. आमच्या एचआरचं नेमकं हेच म्हणणं असायचं, ‘हेल्पलाइन आहे ना, मग युनियन कशाला?’

युनियन कशाला, याचं उत्तर बांगलादेशात सापडतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या शिलाईच्या फॅक्टऱ्यांतल्या कामगारांना मात्र आत बोलावलं, नाही आलात तर पगार जाईल असं सांगून. आत जायला नको असं त्या लोकांना वाटत होतं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं होतं. ‘मी आत जाणार नाही’ म्हटल्यावर माझ्या पाठीशी कोण उभं राहील, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. त्याच्या आधीच्या वर्षी, ११ सप्टेंबर २०१२ ला, कराचीत अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या फॅक्टरीला आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार मेले. खिडक्यांना गज होते, दारं बंद होती. काही आठवडे आधीच त्या फॅक्टरीला कामगार मानकांचं एसए ८००० हे प्रमाणपत्र मिळालं होतं. ऑडिटवाले आमच्याकडे येतात तेव्हा मला दर वेळी हे आठवतं.

राणा प्लाझानंतर, मे २०१३ मध्ये, अकॉर्ड नावाचा करार झाला. एका बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी या जागतिक युनियन, दुसऱ्या बाजूला बायर, पुढे दोनशेच्या वर. त्यातही तक्रारीचा नंबर होता, आमच्यासारखाच. पण कामगाराला धोक्याच्या ठिकाणी काम नाकारायचा हक्क लिहून दिला होता, तक्रारीचा निकाल लोकांना वाचता येईल असा प्रसिद्ध होत होता, आणि जी फॅक्टरी दुरुस्ती करणार नाही तिच्याशी बायरने धंदा थांबवायचा होता. करार कायद्याने बांधणारा होता. बायरने शब्द पाळला नाही तर युनियन त्याला लवादासमोर नेऊ शकत होती, आणि तसं झालंही. २०१६ मध्ये दोन बायरांविरुद्ध हेगच्या कायम लवाद न्यायालयात प्रकरणं गेली. त्यांतल्या एकाने २०१८ च्या सुरुवातीला २३ लाख डॉलर भरायचं कबूल केलं, त्यातले २० लाख फॅक्टऱ्यांच्या दुरुस्तीसाठी. माझ्या कार्डामागच्या कंपनीला असं कुणी कुठे नेऊ शकतं का, हे मी दोन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. दोघांनीही नाही म्हटलं.

तिसरं गाऱ्हाणं माझं नव्हतं. आमच्या फिनिशिंगला एक हेल्पर मुलगी होती, वीस-एकवीसची. तिचा सुपरवायझर तिला काय बोलायचा आणि स्टोअरमध्ये कशाला पाठवायचा हे मी इथे लिहिणार नाही. मी तिला म्हटलं, नंबर लाव, मी शेजारी बसते. ती म्हणाली, “ताई, फोनवर सांगितलेलं ते लिहून घेतात. मग ते वाचतं कोण?” माझ्या डायरीचं काय झालं हे तिने पाहिलं होतं, त्यामुळे तिला खोटा धीर देणं मला जमलं नाही.

अशा गाऱ्हाण्याला फोन उपयोगाचा नाही असं माझं ठाम मत झालंय. लाज, भीती, आपल्यालाच दोष देणं, यातून बाहेर यायला समोर माणूस लागतो, आणि तो फ्लोअरवर रोज दिसणारा लागतो. हे जमवलेल्या दोन जागा मला माहीत आहेत. आफ्रिकेतल्या लेसोथो देशात जीन्स शिवणाऱ्या नीन शिंग कंपनीच्या फॅक्टऱ्यांत मुलींवर काम टिकवण्यासाठी कसली जबरदस्ती होत होती हे वर्कर राइट्स कन्सॉर्टियम या कामगार हक्कांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने उघड केलं. त्यावर २०१९ मध्ये युनियन, महिला संघटना आणि बायर यांच्यात करार झाले. तक्रारी ऐकायला फॅक्टरीपासून वेगळी संस्था उभी राहिली, आणि फॅक्टरीने तिचा निर्णय मानला नाही तर ऑर्डर कमी होणार असं ठरलं. दुसरी जागा तामिळनाडूतली. तिथे २०२१ च्या सुरुवातीला एका तरुण कामगार मुलीचा तिच्या सुपरवायझरने खून केला. त्यानंतर दलित बायांनी चालवलेल्या टीटीसीयू या युनियनने लढून २०२२ मध्ये दिंडीगुल करार घडवला. एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच हे बायर त्याच्याशी बांधले गेले. त्या करारानुसार शिलाईच्या लाइनवरच युनियनने शिकवून तयार केलेल्या बायका नेमल्या गेल्या. त्यांनी बघायचं, ऐकायचं, गाऱ्हाणं लहान असतानाच सांगायचं, आणि सांगितलं म्हणून त्यांना हलवायचं नाही, असं ठरलं. आमच्या फिनिशिंगला अशी एक बाई असती तर ती मुलगी तिला पहिल्याच आठवड्यात बोलली असती.

आमच्याकडे काय झालं? युनियनच्या ताई आणि आम्ही चौघी तिच्याबरोबर फॅक्टरीच्या समितीसमोर गेलो. चौघींनी जे स्वतः पाहिलं तेवढंच सांगितलं. सुपरवायझरला अडीच महिन्यांनी काढलं. ती त्याआधीच काम सोडून गेली होती. समितीच्या कागदावर ‘तक्रारदार उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं मी वाचलं.

चौथी वाट आम्हाला ताईंनीच सुचवली. आमच्या मालाचा एक बायर जर्मन आहे. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, आधी तिथे किमान तीन हजार कामगार असलेल्या कंपन्यांना, पुढच्या वर्षापासून किमान एक हजार असलेल्यांना. त्या कायद्याने कंपनीला तक्रारीची सोय ठेवावीच लागते आणि तिची कार्यपद्धती लेखी जाहीर करावी लागते. तक्रार हाताळणाऱ्याला कुणाचे हुकूम घेता येत नाहीत. तक्रार मिळाली असं कळवावं लागतं आणि तक्रारदाराशी त्याबद्दल बोलावं लागतं. तक्रार केली म्हणून त्रास होऊ नये, हेही कंपनीने बघायचं. साखळीत खालच्या टोकाला असलेला कामगारही तक्रार करू शकतो. याशिवाय ओईसीडीचा, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचा, मार्ग आहे. त्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं १९७६ पासूनची. ती मान्य करणाऱ्या प्रत्येक सरकारला एक संपर्क केंद्र ठेवावं लागतं, तिथे कुणीही तक्रार नेऊ शकतं. पण ते केंद्र दोघांना समोरासमोर बसवतं, भाग पाडू शकत नाही. आम्ही तिकडे गेलो नाही.

जर्मन बायरकडे सातनंतरच्या तासांबद्दल युनियनच्या नावाने लिहिलं, तीन लाइनींचं मिळून. आठवड्यात उत्तर आलं. मग सुट्टीच्या दिवशी, फॅक्टरीपासून लांब, दुभाषी बाईंना बसवून दोन तास फोनवर बोलणं झालं. त्यांचा पहिला प्रश्न मला अजून पाठ आहे: “यातलं काय फॅक्टरीला सांगायचं आणि काय सांगायचं नाही, ते तुम्ही ठरवा. त्यानंतरच आम्ही पुढे जाऊ.” मी दुभाषी बाईंना तो दोनदा विचारायला लावला. तोवर हे मला कुणीही विचारलं नव्हतं.

आणि त्यांनी हजेरीच्या रजिस्टरला हातच लावला नाही. त्यांच्या माणसाने तुटलेल्या सुयांचं रजिस्टर मागितलं. शिलाईच्या फॅक्टरीत सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून, तारीख आणि वेळ घालून चिकटवावे लागतात, कारण कपड्यात तुकडा राहिला तर तो कुणाच्या तरी अंगात शिरेल. ते रजिस्टर खोटं करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. पंचप्रमाणे फॅक्टरी सातला बंद आणि सुई तुटली रात्री नऊ चाळीसला, अशा नोंदी पानापानावर होत्या. चेकिंगचे तासाचे कागद जोडून पाहिल्यावर तर काही बोलायलाच उरलं नाही. ज्याला कामाची माहिती आहे तो कुठे बघायचं हे जाणतो. कामगाराची डायरी पुढे न करताही सगळं निघालं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या टोमॅटोच्या शेतांवरचा फेअर फूड प्रोग्रॅम मला यासाठी आवडतो. तिथल्या इमोकाली गावच्या शेतमजुरांच्या संघटनेने तो उभा केला आणि २०११ पासून तिथल्या बहुतेक टोमॅटो शेतांवर तो चालतो. तिथली हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, आणि शेतांची तपासणी करणारी माणसंच फोन घेतात. बादली कुठवर भरायची, पाणी आणि सावली कुठे ठेवायची, हे त्यांना सांगावं लागत नाही. सुधारणा न करणाऱ्या शेतमालकाचा माल करारातले मोठे खरेदीदार घेऊ शकत नाहीत, आणि तेच खरेदीदार टोमॅटोमागे थोडे जादा पैसे देतात, ते मजुरांच्या पगारात जातात. बायरने स्वतःचा खिसाही बांधून घेतलाय, आमच्या कार्डात जे नाही ते.

जर्मन बायरच्या प्रकरणाला चार महिने लागले. चार महिन्यांच्या वहीतल्या तासांचे वाढीव दराने पैसे तीन लाइनींना मिळाले. आधीच्या दोन वर्षांचे मिळाले नाहीत, कारण वह्या ‘सापडल्या नाहीत’. रंग उशिरा बदलला तर तारीखही पुढे जाईल असं त्या बायरने लेखी दिलं. दुसऱ्या बायरने, ज्याचं हे कार्ड आहे त्याने, तसं काही दिलेलं नाही. त्याचा माल असतो त्या आठवड्यात सातनंतर मशीन अजून चालतात.

तारे द्यायचे तर पाचपैकी दोन. एक फोन घेणाऱ्या मुलींसाठी, एक पाण्याच्या फिल्टरसाठी आणि त्यासारख्या कामांसाठी. या सेवेचा वार्षिक अहवाल मी पाहिला. त्यात फोन किती आले, तक्रार किती दिवसांत बंद झाली, याचे रंगीत तक्ते आहेत. तक्रार करणारी तीन महिन्यांनी त्याच मशीनवर आहे का, याचा एकही आकडा नाही. तो आकडा छापायला लागतील त्या दिवशी मी तारे बदलेन. त्यासाठी फार काही लागत नाही, तीन महिन्यांनी एक फोन.

जिला आजच नंबर लावायचाय तिला माझ्याकडून एवढंच. एकटीने करू नकोस, दोन-तीन लाइनींतल्या बायका मिळून करा आणि युनियन असेल तर तिच्या नावाने जाऊ दे. फोन दुसऱ्याचा वापर. डायरी ठेव, पण ती आहे हे फोनवर बोलू नकोस. तुझं गाऱ्हाणं कोणकोण वाचणार आणि फॅक्टरीला नेमकी कोणती वाक्यं जाणार, हे विचार, आणि सांगेपर्यंत पुढचं बोलू नकोस. ‘निकाली’ म्हणाले तर कोणत्या कागदावरून, तेही विचार. आणि पाणी, पास, खात्याचा घोळ असलं काही असेल तर बिनधास्त लाव नंबर, काम होतं.

मी ओव्हरलॉकवर परत आले ते पैसे मिळाल्यावर काही आठवड्यांनी. एका सकाळी सुपरवायझर म्हणाला, जा तुमच्या मशीनवर. कुणाच्या सांगण्यावरून ते मला कळलं नाही. मशीनवरून हलवल्याबद्दल केलेली माझी दुसरी तक्रार ॲपवर अजून ‘प्रक्रियेत’ दिसते.